रस्त्यावर मळलेलं काड

गुरांसाठी काड विकत घ्यायचं तर आधी चावून बघायचं, हे मला अप्पांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं. गंजीच्या वरची काडी घ्यायची नाही, ती सगळ्यांची चांगलीच असते. हात आत घालून पोटातली एक काडी ओढायची, खालून दुसऱ्या पेराशी मोडायची आणि दाढेखाली धरायची. रागी वेळेवर कापली असेल तर काडीत किंचित गोडी उरते. उशिरा कापली असेल तर तोंडात नुसता भुसा होतो. आणि कापून पडलेली असताना पाऊस लागला असेल तर बुरशीची अशी कडवट चव येते की दोनदा चूळ भरली तरी जात नाही. शाळेत असताना मी फाटकाशी काडी चघळत उभी राहायची आणि मैत्रिणी मला गाईची बहीण म्हणायच्या. मला राग येत नसे. उलट मी जरा जास्तच ताठ मानेनं चघळायची.

रागी म्हणजे तुमची नाचणी. बंगळूरच्या आसपास तिचंच पीक आणि तिच्याच काडावर आमची गुरं वाढली. आमच्या घराण्याची मुळं इकडे तीनशे वर्षांची. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यांची वैरण बघायला आले, असं अप्पा सांगत. खरंखोटं देव जाणे, पण वैरणीबद्दल बोलताना अप्पांचा आवाज फौजेतल्यासारखाच व्हायचा. कणीस तपकिरी झालं आणि दांड्याची पेरं अजून हिरवट आहेत, तेव्हा विळा लागला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. आठ-पंधरा दिवस उशीर झाला की पानं झडतात आणि दांड्याचं लाकूड होतं. गाय त्याला तोंड लावते ते केवळ तुमचा मान राखायला. विळा फार खालून लावला तर माती येते, फार वरून लावला तर अर्धं काड शेतातच राहतं. मळणी बैलांच्या मागं दगडी रूळ लावून, खळ्यावर. रुळाखाली काड मऊ होतं पण त्याच्या चिंध्या होत नाहीत. एवढं सगळं पाळणारा एक शेतकरी कनकपुराच्या रस्त्यावर एका गावात होता आणि माझ्या आठवणीत आमच्या गोठ्यात दुसऱ्या कुणाचं काड आलेलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांची गोष्ट सांगते आहे. बंगळूरच्या बनशंकरीत आमच्या घराभोवती तोवर लेआउट, म्हणजे घरांचे प्लॉट, पडून गेले होते. चराईची जागा गेली, तळ्याचा काठ गेला, आणि अकरा गुरांपैकी दोनच उरली होती, तांबडी आणि काळी. आई कधीच गेली होती. अण्णा, माझा थोरला भाऊ, होसूर रोडवर बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात लेथवर होता आणि तिकडेच बिऱ्हाड करून राहत होता. माझं लग्न जमलं नाही. खरं सांगायचं तर मी जमू दिलं नाही. घरात मी आणि अप्पा. अप्पांचे डोळे काचबिंदूनं गेले होते.

तांबडी त्यांची काठी होती. सकाळी गोठ्यात जाऊन ते तिच्या पाठीवर हात ठेवत आणि ती त्यांना सावकाश अंगणात आणी, दगडापाशी थांबे, ते बसले की मग ती पुढं जाई. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काळी अडाणी होती, तिच्याबरोबर ते कधी गेले नाहीत. त्या वर्षी तांबडी गाभण होती आणि अप्पांच्या मनात एकच होतं, तिला कालवड व्हावी. आपण असेतो अंगणापर्यंत नेणारं कुणी असावं, एवढाच त्यांचा हिशोब. काड आणायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. सोपवताना एकच गोष्ट बजावली होती. "काय बी आण, पुट्टी, रस्त्यावर मळलेलं आणू नको." पुट्टी म्हणजे छोटी. मी तेव्हा पस्तिशीची होते.

रस्त्यावर मळायची पद्धत तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. खळं सारवायला माणसं नाहीत, रूळ ओढायला बैल नाहीत, तर शेतकरी कापलेली रागी सरळ डांबरी रस्त्यावर अंथरतो. बस, लॉऱ्या, मोटारी तिच्यावरून जातात आणि दाणे आपोआप सुटतात. फुकटची मळणी. त्या दिवसांत होसूर रोडवर मैलच्या मैल अशी रागी पसरलेली असायची. स्कूटरवाले घसरून पडायचे, शिव्या द्यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच घसरायचे.

संक्रांतीच्या आधी मी बसनं आमच्या नेहमीच्या गावी गेले. गंजी दुरूनच काळपट दिसली. तो शेतकरी, अप्पांच्या वयाचा, मला बघून उठला पण हसला नाही. त्याचे दोन्ही मुलगे कारखान्यात लागले होते. कापणीला माणूस मिळेना, रागी महिनाभर जास्त उभी राहिली, वाळून लाकूड झाली. कशीबशी कापून आडवी टाकली आणि वादळाचा पाऊस आला, तो चार दिवस हलला नाही. मी हात आत घातला. आत गरम होतं. काडी दाढेखाली धरायचीही गरज नव्हती, वासानंच कळत होतं. तरी मी चावली, सवयीनं, आणि थुंकले.

"बेडा अक्का, तगोबेडी," तो म्हणाला. नको, घेऊ नका. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला त्यानं आपल्या तोंडानं परत पाठवलं. मला त्याची दया यायला हवी होती. मला आला राग. आता मी अप्पांना काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पहिल्यांदा माझ्या भरवशावर वर्षाची वैरण सोडलेली आणि मी हात हलवत परत.

रविवारी अण्णा आला तेव्हा अप्पा मागं गोठ्यात होते. मी त्याला हळूच सगळं सांगितलं. तो हसला. "आमच्या कारखान्यासमोर काडाचा डोंगर पडलाय गे. तू ये, बघ, आवडलं तर आमची लॉरी इकडं रिकामीच येते, टाकून देतो." मी म्हटलं, रस्त्यावरचं? तो म्हणाला, "अप्पाला कोण सांगतंय? गाईला काय कळतंय रस्ता का खळं?"

मी गेले. बोम्मसंद्र्याला उतरले तेव्हा धुळीनं आणि डिझेलच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, पण काड बघून मी चकित झाले. सोन्यासारखं पिवळं, पानं शाबूत. त्या शेतकऱ्यानं पावसाच्या आधीच, अगदी वेळेवर कापणी उरकली होती. मी गंजीच्या पोटातून काडी काढली, दुसऱ्या पेराशी मोडली, चावली. गोड होती. आमच्या नेहमीच्या काडापेक्षा गोड आणि लॉऱ्यांच्या चाकांखाली चेपून सुतासारखी मऊ. मी तीन ठिकाणांहून काढून पाहिलं, तिन्ही ठिकाणी तेच. अण्णाकडे मी अशा काही रुबाबात बघितलं की जणू ती रागी मीच पेरली होती. कापणी कधी झाली हे माझ्या दाढेला कळत होतं. मळणीत काय मिसळलं हे चावून कळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. अप्पांनी सांगितलं होतं.

लॉरी आमच्या फाटकाशी आली तेव्हा अप्पा अंगणात दगडावर बसलेले. "काड कुठलं गे?" त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हटलं.

इतकं सहज निघालं तोंडातून. आधी ठरवलंही नव्हतं. अप्पा "सरी" म्हणाले, म्हणजे बरं.

पण अप्पांचे हात होते. ते गव्हाणीत हात घालून चारा चाचपत, गाईनं काय खाल्लं, काय टाकलं ते बघत. रुळाखालची काडी जागोजाग चेपलेली असते, मध्ये गोल राहते. लॉरीखालची उभी चिरून फितीसारखी होते. हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हणून मी एक शहाणपणा केला. कोपऱ्यात हातचक्राचं जुनं कुट्टीचं यंत्र पडलेलं होतं, मक्याच्या ताटांसाठी आणलेलं. मी त्याला तेल घातलं, पातं घासून घेतलं आणि काड बारीक कापून घालायला लागले. बोटाच्या पेराएवढे तुकडे. काय काड आहे ते कुणाच्या बापाला कळणार नाही, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा. अप्पांना सांगितलं, बारीक केलं की वाया जात नाही. ते पुन्हा "सरी" म्हणाले. रोज सकाळी मी चक्र फिरवायची. दोनदा-तीनदा पातं करकरलं. रस्त्यावरचा खडा असेल म्हणून मी पुढचा पेंडका सारला.

गाईंनी गव्हाण चाटून पुसून साफ केली. इतकं आवडीनं त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. तांबडीच्या अंगावर चकाकी आली. मी मनातल्या मनात अप्पांशी भांडायची, बघा, काय वाईट आहे रस्त्यात? महिनाभर मी जिंकत होते.

शिवरात्रीच्या सुमारास एके सकाळी तांबडीनं गव्हाणीत तोंड घातलं आणि काढून घेतलं. पाठ कमानीसारखी वर, पुढचे पाय बाहेरच्या बाजूला फाकवलेले. अप्पांनी पाठीवर हात ठेवला तर ती एक पाऊल टाकून थांबली. अंगणाकडे थोडा उतार होता, तो ती उतरेना. अप्पा तसेच तिच्याजवळ उभे राहिले, आणि मग मलाच म्हणाले, "डॉक्टरला बोलव."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. तरुण होते, पण हात चांगला होता. त्यांनी ताप बघितला, पोटाला कान लावला, मग खांद्याच्या मागं पाठीवर दोन्ही मुठींनी दाबलं. तांबडी कण्हली. त्यांनी पुन्हा दाबलं, ती पुन्हा कण्हली. डॉक्टर सरळ झाले आणि त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, अगदी नेमकं विचारलं, "रस्त्यावर मळलेलं काड घालता का?"

प्रश्न मला होता. मी पाण्याची बादली घेऊन उभी होते.

"नाही," अप्पा म्हणाले. "आमच्याकडं रस्त्याचं काड येत नाही. खळ्यावरचं आहे, एका गावचं, इतक्या वर्षांचं."

"नक्की? पोटात तार-बीर गेली असेल तर आत्ताच काहीतरी करायला हवं. लोहचुंबक घालू, नाहीतर पोट उघडून काढू. आत्ता निघते. पुढं सरकली तर नाही."

"नक्की," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आंधळ्या माणसाच्या साक्षीला डोळस माणसाचा दुजोरा हवा होता, एवढंच. मी मान हलवली. होकाराची.

का हलवली, हे मी गेली कितीतरी वर्षं स्वतःला विचारते आहे आणि उत्तर दरवेळी तेवढंच लाजिरवाणं येतं. परक्या माणसासमोर, अप्पांनी इतक्या अभिमानानं सांगितल्यावर, मी खोटी आहे असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. वाटलं, अजीर्णच असेल. वाटलं, काळी तर तेच खातेय आणि ठणठणीत आहे. वाटलं, उद्या एकटी जाऊन दवाखान्यात सांगेन. डॉक्टर म्हणाले, मग वासराचं ओझं असेल, पोट दबलंय. पुड्या दिल्या, एक इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांनी कळवा म्हणाले.

उद्या मी गेले नाही. तांबडीनं स्वल्प गूळपाणी घेतलं आणि मी स्वतःला सांगितलं, बघ, सुधारते आहे. काड मात्र मी त्या दिवसापासून कापलं नाही. काळीला भुसा आणि पेंड घातली. म्हणजे मला कळलं होतं. ते तरी मी कबूल केलं पाहिजे.

चौथ्या दिवशी तिच्या गळ्याखालची पोळी सुजून पाण्याच्या पिशवीसारखी लोंबायला लागली आणि मानेची शीर दोरखंडाएवढी फुगली. मी चप्पल न घालता दवाखान्यात धावले. डॉक्टरांना सगळं सांगितलं: बोम्मसंद्रा, होसूर रोड, कुट्टीचं यंत्र, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "सूज आली म्हणजे आता ती हृदयापाशी आहे, अक्का." तरी ते आले आणि हात लावून बघून परत गेले.

तांबडी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. वासरू पोटातच गेलं. कालवड होती.

मागच्या रिकाम्या प्लॉटवर डॉक्टरांनीच तिला उघडलं. अण्णा कारखान्यातून सुट्टी काढून आला होता. अप्पा घरात होते, मी त्यांना आतच बसवलं होतं. डॉक्टरांनी चिमट्यात धरून एक तार बाहेर काढली. बोटाच्या पेराएवढी, बारीक, सरळ. पोटाच्या जाळीतून पडदा फोडून ती हृदयाच्या पिशवीत शिरली होती, पोटातल्या वासराच्या भारानं पुढं ढकलली जात. अण्णानं ती पाण्यानं धुतली आणि उजेडात धरून दोन्ही टोकं बघितली. आयुष्य लोखंड कापण्यात गेलेला माणूस. "मालाचे गठ्ठे बांधतात ती तार आहे," तो म्हणाला. "आमच्या लॉऱ्यांतून सांडते रस्त्यावर. हातभर लांब असते." मग त्यानं टोकावरून नख फिरवलं. "ही तुटलेली नाही, पुट्टी. कापलेली आहे."

डॉक्टर हात धूत होते. तेही म्हणाले, लांब तार गाईच्या ओठाला लागते, ती बाजूला टाकते. अशी बारीक झाली की चाऱ्याबरोबर जाते. त्यांनी ते कुणाला दोष द्यायला म्हटलं नाही, माहिती म्हणून सांगितलं. मी त्या तारेकडे बघत उभी राहिले. रस्त्यानं तार दिली होती, तिची सुई मी केली होती. मी कापलं नसतं तर तांबडीनं ती ओठानं बाजूला काढली असती आणि अप्पांच्या हाताला लागली असती.

अण्णा चहा न घेता गेला. मी आत गेले. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीवर. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. काड रस्त्यावरचं होतं. मी खोटं बोलले. तुम्हाला कळू नये म्हणून कापलं. डॉक्टरांसमोरही गप्प राहिले.

"मला ठाऊक होतं," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, डॉक्टर जाताना सांगून गेले असतील.

"आज नव्हे गे. तू कुट्टी करायला लागलीस त्याच दिवशी. चांगलं काड कोण कापतं?"

मग माझा आवाज चढला. त्या घडीलासुद्धा मी त्यांच्यावरच ओरडले. "मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? त्यांनी तुमच्यासमोर विचारलं होतं! आत्ता निघते म्हणाले होते!"

"तू शेजारीच होतीस," ते म्हणाले. "मी 'नाही' म्हटलं तर तू अडवशील, असं मला वाटलं. मी वाट बघितली." मग म्हणाले, "तू मान हलवलीस, ते कळलं मला. बादलीची कडी वाजली. मग मी तुला चारचौघांत खोटं कसं पाडू? मला ताट वाढणारी तूच."

हे बोलताना ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी पाय धरले असते. ज्याला दुसरीकडे जायला जागा नाही अशा माणसाच्या आवाजात ते बोलत होते, आणि तो माणूस माझा बाप होता.

काळीला अण्णानं त्याच आठवड्यात कुठंतरी नेऊन सोडलं. अप्पा त्यानंतर चार वर्षं जगले. अंगणात मी त्यांना हात धरून नेईन म्हटलं, तर पाय दुखतात म्हणून ते आतच बसत. जेवायला बसले की पुढं वाढलेलं मुकाट्यानं खात. हे काय, कुठलं, शिळं की ताजं, एका शब्दानं विचारत नसत. एकदा भाताला करपट वास येत होता, तोही त्यांनी संपवला. मग मीच न विचारता सांगायला लागले. हा आजचा भात, ही हुलग्याची आमटी, ताक शेजारच्या अक्कांकडचं. रोज, दोन्ही वेळा, एकेक पदार्थाला त्यांचं बोट लावून सांगायची, खरं तेच सांगायची. ते "सरी" म्हणायचे आणि जेवायचे. त्यांचा विश्वास बसत होता की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.